धार तुटली पाहिजे: ताकाचा जग घडवण्याची रीत

जगाची परीक्षा ओतताना होते. बडोद्यात आमच्या घरी होळीपासून पाऊस पडेपर्यंत दुपारच्या जेवणाला ताक लागते, आणि ताक जगाचे सगळे दोष उघडे पाडते. पेला भरून जग उभा केला की धार तिथल्या तिथे तुटली पाहिजे. तुटली नाही तर शेवटचा ओघळ चोचीखालून पोटावर उतरतो आणि टेबलावर पांढरे कडे उमटते. माझ्या सासूबाई प्रत्येक नवा जग अशाच तपासतात. भरतात, ओततात आणि चोचीखालून बोट फिरवतात. बोट कोरडे निघाले तर जग दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरात राहतो, नाही तर मागच्या पडवीत झाडांना पाणी घालायला जातो. ते बोट कोरडे निघावे यासाठी मातीपासून भट्टीपर्यंत काय काय सांभाळावे लागते, ते इथे सांगते.

चाकावर तुम्हाला माती मध्यावर आणता येते आणि वीतभर उंचीचा सरळ नळा ओढता येतो, असे मी धरून चालले आहे. ते येत नसेल तर वाचून येणार नाही. कुणाच्या तरी शेजारी बसून काही महिने हात बसवावा लागतो. बडोद्यात त्याची अडचण पडू नये. १९५० साली इथे फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली. इरा चौधरी आणि ज्योत्स्ना भट्ट यांच्यासारख्या कलावंतांनी या गावात माती हाताळली आणि शिकवलीही. ज्योत्स्नाबेन २०२० साली गेल्या. त्यांची मांजरे आणि पक्षी पुष्कळांना ठाऊक आहेत, पण नवशिक्याने त्यांची वाडगे-बरण्यांसारखी साधी भांडी आधी बघावीत. काठ कुठे संपवायचा आणि रंग कुठे थांबवायचा हे त्यांत नीट दिसते.

आता माती. लाल मातीचे मडके पाझरते, म्हणूनच त्यात पाणी गार होते. ताकाच्या जगाला तो गुण चालत नाही. आंबट ताक मातीत मुरले की वास बसतो आणि तो घासून जात नाही. म्हणून स्टोनवेअरची माती घ्यायची. ती १२०० अंशांच्या वर भाजली की घट्ट होते आणि जवळजवळ पाणी पीत नाही. आपल्याकडे सुरेंद्रनगर जिल्ह्यातल्या थानच्या बाजूची माती सहज मिळते आणि मी तीच वापरते. पोत किंचित भरड असला तर बरे, कारण जगाला कान जोडायचा असतो आणि भरड माती सांध्यात कमी फाटते. मात्र हाताला टोचेल इतकी भरड नको, काठ खरखरीत राहतो.

माती आणल्यावर पहिले काम म्हणजे ती किती आटते हे मोजणे. ओल्या मातीची पट्टी थापा, तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, आणि ती पट्टी कुणाच्या तरी पक्क्या भाजणीत घाला. बाहेर आल्यावर रेघ ८.८ सेंटिमीटर भरली तर माती १२ टक्के आटते. ऐकायला हे थोडे वाटते, पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीकडून आटल्यामुळे आतली जागा ०.८८ गुणिले ०.८८ गुणिले ०.८८, म्हणजे मुळाच्या ६८ टक्केच उरते. लिटरभर ताक सुखाने मावायला जग काठोकाठ १.२ लिटरचा हवा. तो भाजून १.२ लिटर व्हायला चाकावर पावणेदोन लिटरचा दिसला पाहिजे. जग पहिल्यांदा चाकावर बघणाऱ्याला तो फार मोठा वाटतो. तसाच वाटू द्या.

माझे माप असे आहे: दीड किलो माती, ओली उंची २० सेंटिमीटर, पोट १३, गळा १०. भाजल्यावर गळा ८.८ राहतो, त्यातून माझा हात स्पंजासकट आत जातो. हे शेवटचे माप सगळ्यात महत्त्वाचे. अरुंद गळ्याचा जग देखणा दिसतो हे खरे, पण ज्या जगाच्या बुडाशी हात पोचत नाही तो ताकासाठी घेऊ नये आणि करूही नये. लोण्याचा पापुद्रा आत चिकटून राहतो, आणि बाटलीच्या ब्रशने तो निघत नाही.

माती मळून घ्या, हवा राहू देऊ नका, चाकावर मध्यावर आणा आणि बूड बोटभर जाड ठेवून उघडा. बुडाची माती आतून बोटांनी दाबून घ्या, नाही तर वाळताना तिथे इंग्रजी एससारखी चीर पडते. मग सरळ नळा ओढा, आधी उंची आणि नंतर पोट. पोट आतून बाहेर फुगवायचे, बाहेरचा हात फक्त आधाराला. पोट किती खाली ठेवायचे यावर माझे ठाम मत आहे. सर्वांत रुंद भाग उंचीच्या मध्याच्या खाली असावा. ताकाचे वजन खाली राहते, जग टेबलावर ठाम बसतो आणि अर्धा रिकामा झाल्यावरही हेलकावत नाही. काठ मात्र जरा भरीव ठेवा, कारण चोच तिथल्याच मातीतून निघायची आहे. भिंत सगळीकडे ५-६ मिलिमीटर आणि काठ त्याहून थोडा जाड, असा हिशेब ठेवा.

चोच जग चाकावर असतानाच, काठ ओला असतानाच काढायची. पुष्कळ जण काठाला एक चिमटा काढतात आणि चोच झाली असे समजतात. ती फक्त चोचीसारखी दिसते. धार तुटायला तीन गोष्टी लागतात: धारेला गोळा करणारी पन्हळ, काठाची धारदार कड, आणि कडेखाली आत वळलेली बाजू.

पन्हळ आधी. डावा हात बाहेरून गळ्याला लावा आणि उजव्या हाताचे ओले बोट आतून, गळ्याच्या खालच्या भागापासून काठापर्यंत, एकाच रेषेत वर ओढा. दोन-तीनदा ओढल्यावर तिथे उथळ घळ तयार होते. ओतताना ताक सगळ्या गळ्यातून पसरून येण्याऐवजी या घळीत गोळा होते आणि वेगाने बाहेर पडते. वेग महत्त्वाचा आहे. मंद धार काठाला चिकटते आणि मागे वळते, वेगवान धार काठ सोडून पुढे जाते. कोणत्याही जगातून अगदी हळू ओतून बघा, कडेखाली ओघळ येतोच. चांगल्या जगात तो सर्वांत शेवटी येतो.

आता काठ. जिथे चोच यायची तेवढाच दोन बोटे भाग चिमटीत धरून हलके वर ओढा, म्हणजे तो पातळ होतो आणि बाकीच्या काठापेक्षा थोडा उंचावतो. मग डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी चोचीच्या दोन बाजूंना टेकवा आणि उजव्या हाताची ओली तर्जनी मधे ठेवून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलवत बाहेर आणा. एका झटक्यात बाहेर ओढली तर काठ फाटतो. बोट झुलते राहिले की माती सैल होऊन पुढे येते. शेवटच्या झुल्यात टोक किंचित खाली झुकवा. टोक वर पाहत असेल तर जग उभा करताना थेंब टोकावरून बाहेरच्या अंगाला येतो. टोक पुढे जाऊन खाली पाहत असेल तर त्या थेंबाला मागे फिरायला चढ चढावा लागतो आणि तो तुटतो.

काठ गुळगुळीत करायला आपण ओले चामडे फिरवतो. ते बाकीच्या काठावर फिरवा, चोचीच्या टोकावर नको. चामडे कड गोल करते, आणि गोल कडेवरून द्रव सहज वळून खाली जातो. टोक ओल्या बोटाने खालून वर पुसून धारदार ठेवा. ग्लेझची, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाची, जाडी तिच्यावर चढली की ती आपोआप बोथट होते, म्हणून ओल्या मातीत ती डोळ्यांना थोडी जास्तच धारदार दिसली पाहिजे. चोचीचा आकारही थोडा वाढवूनच काढा. गोल फिरवलेली माती वाळताना आणि भाजताना पुन्हा गोलाकडे झुकते, आणि चोच मिटते.

तार फिरवून जग काढा आणि पाटावर ठेवा. बूड चामड्यासारखे कडक झाले, म्हणजे बोटाने दाबल्यावर ठसा उमटत नाही पण नखाची रेघ उमटते, की उलटा करून जादा माती छिला. चोच टेकून मोडू नये म्हणून उलटा जग जाड मातीच्या कड्यात बसवतात. बुडाला मधे किंचित खोलगट ठेवा म्हणजे कडेवर नीट टेकतो. दीडशे-दोनशे ग्रॅम माती इथे निघते.

मग कान. कानाची माती जगाच्याच मातीतली, पण जरा घट्ट. तिचा गाजराच्या आकाराचा गोळा डाव्या हातात उभा धरा, उजवा हात पाण्यात बुडवा आणि गाईचे दूध काढतात तसा वरून खाली ओढत राहा. दरवेळी हात थोडा फिरवा म्हणजे पट्टी सपाट आणि सारखी येते. अंगठ्याने मधे एक लांब खळगी उमटवली की बोटांना पकड मिळते आणि कान हलका होतो. मला कान जगावरच ओढायला आवडतो. जाड खुंट आधी गळ्याला जोडायचा आणि तिथूनच ओढत खाली आणून पोटाला टेकवायचा. अशा कानाची सुरुवात जगाच्या अंगातून निघालेली दिसते. पण पहिल्या काही जगांना वेगळा ओढून, कमान करून, थोडा घट्ट झाल्यावर जोडणेच सोपे.

जोडायच्या दोन्ही जागा खरवडा, त्याच मातीचा घोळ लावा आणि घट्ट दाबा, आतून दुसऱ्या हाताचा आधार देऊन. वरचा सांधा काठाच्या बोटभर खाली आणि खालचा पोटाच्या सर्वांत रुंद भागाच्या जरा वर. डोळा वरून लावून बघा, चोच आणि कान बरोबर समोरासमोर आले पाहिजेत. थोडे जरी वाकडे झाले तरी ओतताना मनगट तिरके होते. भाजून झालेला जग साधारण किलोच्या जरा वर भरतो, ताकासकट दोन किलोंच्या पुढे. एवढे वजन एका हाताने तिरपे करायचे असल्यामुळे कान अंगापासून फार लांब नसावा, नाही तर मनगटावर ताण येतो. आणि फार जवळही नको, बोटांची पेरे पोटाला घासतात. ओल्या कानातून माझी चार बोटे जाऊन वर अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. आटल्यावर तीच बरोबर होते. घरातल्या सर्वांत मोठ्या हाताचे माप घ्या. आमच्याकडे ते माझ्या दिरांचे आहे.

जग वाळवणे हे बडोद्यात ऋतू बघून करायचे काम आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि दुपारची लू अंगणातून घुसते. कान पातळ, अंग जाड. कान आधी वाळून आटतो, अंग अजून ओलेच असते, आणि सांध्यावर चीर पडते. म्हणून उन्हाळ्यात कान ओलसर फडक्यात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळते, संपूर्ण जगावर पिशवी घालते आणि दोन दिवसांनी ती रोज थोडी थोडी उघडते. पंखा नाही, ऊन तर मुळीच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उलटी अडचण. हवाच ओली असते, जग वरून कोरडा दिसतो आणि आत पाणी धरून बसतो. असा जग भट्टीत गेला तर १०० अंशांवर त्या पाण्याची वाफ होते आणि भिंत फुटते. पारख सोपी आहे: जग गालाला लावा. गार लागला तर आत पाणी आहे, आणखी थांबा.

पहिली भाजणी ९५० ते १००० अंशांपर्यंत. सुरुवातीचे काही तास अगदी सावकाश, वाफ निघून जाईपर्यंत. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ अचानक फुगतो आणि उतरताना त्याच ठिकाणी आकसतो. त्या टप्प्यातून जाता-येता घाई केली तर चीर पडते.

कच्चा भाजलेला जग हातात आला की पाण्याची चाचणी करा. ही पायरी फार थोडे लोक करतात आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते, कारण कड अजून घासता येते. कच्ची भाजलेली माती पाणी पिते, म्हणून जग आधी बादलीत बुडवून काढा, मग भरून ओता. आधी जोरात, नंतर हळू, मग अर्ध्यावर थांबवून. ओघळ येत असेल तर ओल्या पॉलिश पेपरने चोचीच्या टोकाची खालची बाजू आतल्या अंगाला घासा, वरची नको. चार-पाच घासण्यांतच धार तुटायला लागते. नंतर जग दिवसभर वाळवा. ओल्या अंगावर ग्लेझ धरत नाही.

ग्लेझसाठी सुरुवात करणाऱ्याने जुनी साधी पाककृती घ्यावी: फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (चुनखडीची भुकटी) २०, चायना क्ले (पांढरी चिनी माती) १०. इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्ज इथे १९२० साली बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने जपानी कुंभार शोजी हमादा यांच्यासह स्टुडिओ उभा केला. ही चार-तीन-दोन-एकची पाककृती स्टुडिओवाले त्यांच्याच नावाने ओळखतात. ती पारदर्शक येते. तिच्यात दीड टक्का आयर्न ऑक्साइड मिसळले आणि भट्टीत हवा कमी ठेवली तर फिकट हिरवट रंग येतो, आठ-दहा टक्क्यांना काळपट तपकिरी. भुकटी मिसळताना चांगला मास्क लावा आणि जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात कायमची राहते. आपल्या जवळच्याच खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराने गाठले ते याच धुळीमुळे.

ग्लेझ पाण्यात कालवून चाळणीतून गाळा. १०० मिलिलिटरचे वजन १४० ते १५० ग्रॅम आले की दाटपणा ठीक. आधी आतून: जग अर्धा भरा, फिरवा आणि चोचीतूनच ओता. मग बाहेरून बुडवा. चोचीच्या टोकावर जमलेला थर ओल्या स्पंजाने पातळ करा, बूड आणि त्याच्या वरचे तीन मिलिमीटर पुसून टाका, नाही तर जग भट्टीच्या फळीला चिकटतो. आतल्या बाजूला नेहमी गुळगुळीत, चकचकीत ग्लेझ. मॅट ग्लेझ बाहेर कितीही सुंदर दिसली तरी आत तिच्यावर डाग बसतात. शिसे असलेली फ्रिट (ग्लेझसाठी आधीच वितळवून दळलेली काच) घरात आणूच नका, आणि तांब्याचे प्रमाण जास्त असलेली ग्लेझ आत लावू नका. ताक, पन्हे, सोलकढी सगळे आंबटच असते.

पक्की भाजणी आम्ही तिघी मैत्रिणी मिळून भायलीकडे बांधलेल्या गॅसच्या भट्टीत करतो, कोन ९ वाकेपर्यंत, म्हणजे १२६० अंशांच्या पुढे. कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका. पायरोमीटरच्या, म्हणजे भट्टीच्या तापमापकाच्या, आकड्यापेक्षा मी कोनावर जास्त विश्वास ठेवते, कारण कोन उष्णता आणि वेळ दोन्ही मोजतो. भट्टी बंद केल्यावर उघडायची घाई नको. हात न भाजता भांडे उचलता येईल इतकी ती निवू द्या, दुसरा दिवस जाऊ द्या.

जग बाहेर आला की तीन चाचण्या. बूड बारीक दगडावर घासून गुळगुळीत करा, मग जग पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा हवा. त्याच ग्लेझच्या नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. फोडीखालचा रंग उडाला किंवा चमक गेली तर ती ग्लेझ आतून वापरायची नाही. आणि तुकड्यावर शाई चोळून पुसा. जाळीसारख्या बारीक रेघा दिसल्या तर ग्लेझ तडकते आहे. पुढच्या वेळी क्वार्ट्झ थोडा वाढवा.

ठशाबद्दल. जग ओला असतानाच कानाच्या खालच्या सांध्याजवळ किंवा बुडाशी तुमचा ठसा उमटवा. सेंट आइव्ह्जच्या भांड्यांवर पुष्कळदा दोन ठसे सापडतात, एक स्टुडिओचा आणि एक घडवणाऱ्याचा. ही पद्धत मला न्याय्य वाटते, विशेषतः जिथे अनेक जण एका भट्टीत भाजतात तिथे. आमच्याकडेही भट्टीचा एक ठसा आहे आणि तिघींचा एकेक वेगळा. कुणा दुसऱ्याचा जग विकत घेताना आधी उलटा करून ठसा बघा आणि ठसा नसेल तर विचारा कुणी केला. मग भरून बघायला पाणी मागा. चांगला कुंभार पाणी द्यायला नाही म्हणत नाही.

वापरताना एवढेच: जग फ्रीजमधून काढून लगेच गरम पाण्याखाली धरू नका आणि गॅसवर तर कधीच ठेवू नका, स्टोनवेअरला अचानक तापणे सोसत नाही. ताकाचा जग जेवण झाल्यावर लगेच गार पाण्याने विसळा, मग साबण. आत पिवळट थर दिसू लागला तर चमचाभर खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी तासभर ठेवा, स्पंजाने पुसा. तारेची घासणी नको. आणि धुऊन झाल्यावर जग चोचीवर उपडा टेकवू नका, कानाच्या बाजूला आडवा ठेवून निथळू द्या.